सायकल आपली, रस्ता सगळ्यांचा

पाऊस उघडला, की पुण्याबाहेरचे रस्ते रविवारी सकाळी वेगळेच दिसायला लागतात. मुळशी, ताम्हिणी, पवना धरण, भोर, कुठेही जा. माउंटन बाइक पाठीला किंवा डोक्यावर बांधलेल्या दोन-चार गाड्या रांगेत हमखास दिसतात. गाडी बहुतेक वेळा छोटी एसयूव्ही. आत चार जण, गाणी फुल्ल, आणि मागच्या दाराला पट्ट्यांनी आवळलेल्या दोन सायकली. वाऱ्यानं त्यांची चाकं आपोआप गरगरत असतात. बघायला भारी वाटतं. स्टोरीला टाकायला तर फारच भारी.

आता त्याच गाडीच्या मागे स्कूटरवरून चाललोय अशी कल्पना करा. आपल्यापैकी बहुतेकांना ती करायचीही गरज नाही, कारण सोमवार ते शनिवार आपण तिथेच असतो. समोरच्या गाडीची नंबर प्लेट चाकाआड गेलेली. ब्रेक लाइट अर्धा टायरनं झाकलेला. एक चाक गाडीच्या अंगाबाहेर आलेलं. आणि रंग न मारलेला स्पीडब्रेकर आला, की तो सगळा डोलारा एकदा वर, एकदा खाली. अशा वेळी आपण एकतर मागे राहतो, नाहीतर जीव मुठीत धरून ओव्हरटेक मारतो.

छोट्या एसयूव्हीतून माउंटन बाइक न्यायची कशी, हा प्रश्न आज कॉलेजच्या प्रत्येक सायकलिंग ग्रुपवर विचारला जातो. उत्तरं येतात ती किमतीची, सोयीची आणि स्टाइलची. मागून येणाऱ्याचा विचार त्यात कुठेच नसतो. आमचं म्हणणं सरळ आहे. सायकल शक्यतो गाडीच्या आत न्या. आत जमत नसेल तर छपरावर. आणि मागच्या दारावर अगदी शेवटी, तेही अटी पाळून. आज रस्त्यावर नेमका उलटा क्रम चाललाय, कारण मागचा पट्ट्यांचा रॅक लावायला सोपा आणि खिशाला हलका.

मुळात गाडी लागतेच का?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारून घ्या. सिंहगडाचा पायथा पुण्यातून दीड-दोन तासांच्या पेडलिंगवर आहे. तिथे जायला सायकल गाडीवर चढवायची म्हणजे पोहायला जाताना छत्री न्यायची! जवळच्या ठिकाणी सायकलवरच जावं. लांबच्या शहरात जायचं असेल तर रेल्वेचा पार्सलचा मार्ग आहेच, सायकल सामान म्हणून बुक करता येते.

पण काही वेळा गाडीला खरंच पर्याय नसतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला प्रवेशच नाही. पन्नास-साठ किलोमीटर ट्रकच्या धुरात घालवून मग कच्च्या वाटेवर उतरायचं, तर पायात काही उरत नाही. मुलींच्या ग्रुपला पहाटे अंधारात हायवेवरून जाण्यापेक्षा गाडीनं जाणं बरं वाटतं, आणि त्यात चुकीचं काही नाही. दिवसभर राइड करून दमल्यावर अंधारात घाट उतरण्यापेक्षा सायकल गाडीत टाकून येणं केव्हाही शहाणपणाचं. तेव्हा गाडी न्या. फक्त तिचं माप आधी समजून घ्या.

चार मीटरचं गणित

आपल्याकडच्या छोट्या एसयूव्ही एवढ्याच लांबीच्या का असतात, माहितेय? कारण कर. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना एक्साइजमध्ये सवलत मिळाली. अट अशी, की लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. पुढे कर बदलले, पण ही चार मीटरची रेघ टिकली. म्हणून ब्रेझा असो, नेक्सॉन असो की व्हेन्यू, लांबी ३९९५ मिलिमीटर. रेघेच्या पाच मिलिमीटर अलीकडे! समोर इंजिन आणि मध्ये माणसं बसवल्यावर जागा कापली जाते ती डिकीचीच.

दुसऱ्या बाजूला सायकल. साडेसत्तावीस किंवा एकोणतीस इंची चाकांची माउंटन बाइक टोकापासून टोकापर्यंत साधारण १८० ते १९० सेंटीमीटर भरते. ब्रेझाची रुंदी आहे १७९ सेंटीमीटर. म्हणजे हीच सायकल मागच्या दारावर आडवी बांधली, तर ती गाडीपेक्षा लांब ठरते. अगदी मधोमध बांधली तरी दोन्हीकडून थोडी बाहेर, आणि मधोमध ती कधीच बसत नाही, त्यामुळे एका बाजूनं बरीच बाहेर. आरशात बघून गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीची रुंदी सवयीनं कळत असते. हे जास्तीचं चाक त्या सवयीत नसतं. गल्लीत वळताना, टोल नाक्यावर, शेजारून जाणाऱ्या दुचाकीच्या हँडलला नेमकं तेच लागतं.

यावरचा उपाय फुकट आहे. पुढचं चाक काढा. क्विक रिलीज असेल तर दहा सेकंदांचं काम, थ्रू अ‍ॅक्सल असेल तर मिनिटभराचं. चाक काढलं की सायकलची लांबी दीड मीटरच्या आसपास येते. इथून पुढचं सगळं सोपं होतं.

आत न्या, जुनी चादर घेऊन

'छोट्या एसयूव्हीत सायकल मावत नाही' हे वाक्य आपण ऐकून ऐकून खरं मानलंय. सीट न पाडता, चाक न काढता मावत नाही, हे खरं. बाकी एक-दोन सायकली बहुतेक गाड्यांत जातात.

क्रम असा ठेवा. मागची सीट पूर्ण पाडा. समोरची डावीकडची सीट थोडी पुढे सरकवा. डिकीत जुनी चादर किंवा सतरंजी अंथरा, कारण चेनचं काळं तेल सीटच्या कापडावरून जन्मात निघत नाही आणि गाडी बहुधा बाबांची असते. सायकलची चेन सगळ्यात छोट्या गिअरवर आणा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. पुढचं चाक काढा, सीटपोस्ट खाली करा किंवा काढूनच ठेवा. मग सायकल डाव्या अंगावर आडवी करून आत सरकवा. डावं अंग खाली, कारण चेन, गिअर आणि नाजूक डिरेलर उजवीकडे असतात. सरळ मावत नसेल तर जरा तिरकी घाला. तरीही हँडल आडवं येत असेल तर स्टेमचे स्क्रू थोडे ढिले करून ते फिरवता येतं, फक्त राइडच्या आधी ते नीट सरळ करून घट्ट आवळायचे.

डिस्क ब्रेकवाल्यांनी दोन गोष्टी विसरू नका. चाक काढल्यावर हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. दाबला की आतले पॅड एकमेकांना येऊन चिकटतात आणि मग डोंगराच्या पायथ्याशी स्क्रू ड्रायव्हरनं ते उघडत बसावं लागतं. पॅडमध्ये जाडसर पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली की प्रश्न मिटला. आणि काढलेलं चाक ठेवताना डिस्कची बाजू वर ठेवा. त्यावर बॅग, पाण्याचे कॅन असं काही टाकू नका. डिस्क किंचित वाकली तरी राइडभर घासत राहते.

दोन सायकली असतील तर पहिलीवर जाड चादर आणि दुसरी उलट्या दिशेनं, म्हणजे हँडल हँडलवर येत नाही. एकीचं पेडल दुसरीच्या फ्रेमला टोचणार असेल तर पेडल काढा. पंधरा नंबरचा पाना लागतो, काहींना अ‍ॅलन की चालते. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे लक्षात ठेवा. नाहीतर सोडवायच्या नादात आणखी घट्ट कराल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत ठेवलेली सायकलसुद्धा बांधायची. गाडी ताशी ५० किलोमीटरवर कशाला धडकली, तर गाडी थांबते, सायकल थांबत नाही. तेरा-चौदा किलोचं ते धूड त्याच ५० च्या वेगानं पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेकडे येतं. डिकीत सामान अडकवायच्या लोखंडी कड्या असतात. सायकलच्या फ्रेममधून पट्टा ओवून तो त्यांना दोन्ही बाजूंनी आवळा.

एक प्रकार मात्र अजिबात नको. सायकल अर्धी आत, अर्धी बाहेर आणि डिकीचं दार दोरीनं बांधून अर्धवट उघडं. 'जवळच तर जायचंय' म्हणून हे सर्रास केलं जातं. दार उघडं ठेवून पळणाऱ्या गाडीत मागून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड झालं की आपण म्हणतो, झोप अपुरी झाली!

आत नेण्याचा तोटाही सांगायला हवा. मागची सीट पाडली की माणसं दोनच बसतात. चौघांना जायचं तर दोन गाड्या लागतात, आणि पेट्रोलचा हिशेब बदलतो. ही अडचण खरी आहे. म्हणूनच पुढचे दोन पर्याय.

छपरावर, पण आधी मॅन्युअल उघडा

छपरावरच्या सायकलनं नंबर प्लेट झाकली जात नाही, दिवे झाकले जात नाहीत, मागची काच मोकळी राहते. मागून येणाऱ्याच्या दृष्टीनं हा पर्याय मागच्या रॅकपेक्षा कितीतरी बरा. कटकट आहे ती आपल्याला.

पहिली कटकट रेल्सची. छपरावर दोन चंदेरी दांड्या दिसतात म्हणजे त्यावर वजन ठेवता येतं, असं नाही. काही गाड्यांवर त्या नुसत्या शोभेच्या असतात. दागिना म्हणून चिकटवलेल्या. मॅन्युअलमध्ये 'रूफ लोड' शोधा. आकडा दिलेला असेल तर तेवढंच वजन, आणि तो आकडा गाडी चालू असतानाचा. समजा मर्यादा ५० किलोची आहे. दोन आडवे बार आणि दोन सायकलींचे ट्रे मिळून दहा-बारा किलो, वर चौदा-चौदा किलोच्या दोन सायकली. चाळीसच्या आसपास पोचलात. तिसरी सायकल म्हणजे मर्यादेबाहेर. 'एवढ्यानं काय होतंय' हे वाक्य छपराला कळत नाही. आणि मॅन्युअलमध्ये छपरावर वजन ठेवू नका असं लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपला.

दुसरी कटकट उंचीची. ब्रेझाची उंची १६८५ मिलिमीटर. त्यावर रॅक आणि वर उभी सायकल धरली, तर एकूण उंची पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. मॉलच्या, हॉस्पिटलच्या बेसमेंटबाहेरची उंचीची पाटी बघा, ती बहुतेक ठिकाणी दोन-सव्वादोन मीटरची असते. चार तास राइड करून, दमून, भुकेनं कासावीस होऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरताना डोक्यावर सायकल आहे हे आठवत नाही. घरातून निघतानाच स्टीअरिंगजवळ एक कागद चिकटवा : 'वर सायकल आहे'. बालिश वाटेल, पण एका कागदात सायकल, रॅक आणि छप्पर तिन्ही वाचतात.

तिसरी कटकट वाऱ्याची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, हे अकरावीत शिकलोय. ताशी ८० वरून १०० वर गेलात, तर वेग पावपट वाढतो आणि हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. हा सगळा जोर रॅकच्या चार क्लॅम्पवर येतो. त्यात घाटात दरीकडून येणारा आडवा वारा. छपरावर सायकल असेल तर ८० च्या वर जायचंच नाही, असा ग्रुपचा नियम करा. वळणावर आणखी कमी, कारण वजन वर गेलं की गाडी जास्त कलते.

रॅक दोन प्रकारचे मिळतात. एकात पुढचं चाक काढून फोर्क अडकवतात, त्यात सायकल बुटकी राहते आणि घट्ट बसते. दुसऱ्यात चाकांसह सायकल उभी राहते आणि एक हात फ्रेमला धरतो. पहिला प्रकार घेताना आपल्या फोर्कचा अ‍ॅक्सल कोणता, हे बघून घ्या. क्विक रिलीजसाठी बनवलेल्या रॅकवर थ्रू अ‍ॅक्सल अ‍ॅडॅप्टरशिवाय बसत नाही. दुसऱ्या प्रकारात कार्बन फ्रेम असेल तर क्लॅम्प आवळताना जपून. आणि चढवताना दोघं जण हवेत. एकट्यानं चढवायला गेलात, तर पहिला ओरखडा दारावर पडलाच म्हणून समजा.

मागच्या दारावर, पण अटी लागू

पट्ट्यांचा रॅक कसा असतो ते सगळ्यांनी पाहिलंय. दोन हात, खाली फोम, आणि सहा पट्ट्यांचे आकडे दाराच्या कडांना अडकवलेले. उतरवला की घडी होऊन डिकीत जातो. सेदान किंवा जुन्या हॅचबॅकला तो बऱ्यापैकी बसतो. छोट्या एसयूव्हीला मात्र वरच्या कडेला बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा स्पॉइलर असतो, आणि वरचा आकडा नेमका त्यालाच येतो. स्पॉइलर वजन पेलायला बनवलेला नसतो. शिवाय मागचा वायपर, पार्किंग कॅमेरा आणि काचेचा मोठा भाग, यातल्या कशालाही रॅक टेकायला नको. रॅक बनवणारी कंपनी कुठल्या गाडीला तो चालतो याची यादी देते. त्या यादीत आपली गाडी नसेल, तर दुकानदार 'बसतो हो, सगळ्यांना बसतो' म्हणाला तरी घेऊ नका.

ज्यांच्या गाडीचं स्टेपनी चाक मागच्या दारावर असतं, म्हणजे थार, जिम्नी किंवा सेकंडहँड इकोस्पोर्ट, त्यांच्यासाठी त्या चाकाला धरून बसणारे रॅक मिळतात. ते पट्ट्यांपेक्षा घट्ट बसतात. पण तिथेही दाराच्या बिजागऱ्यांवर आधीच स्टेपनीचं वजन आहे, हे विसरू नका. एक सायकल, फार तर दोन हलक्या.

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये दिसतो तो हिच रॅक, म्हणजे गाडीच्या खालून चासीला जोडलेल्या चौकोनी नळीत बसणारा. सायकल नेण्याचा तो छान प्रकार आहे, यात वाद नाही. पण तिकडे गाडीला टोइंगची सोय कंपनीनंच दिलेली असते. आपल्याकडच्या छोट्या एसयूव्हीला ती बहुधा नसते. म्हणून गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चासीला वेल्डिंग करून घेणं, हा मार्ग नाही. चासीला परस्पर हात लावला की वॉरंटी धोक्यात येते, आणि गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मर्यादा घातल्या आहेत.

तरीही मागेच बांधायची असेल, तर या अटी. पुढचं चाक काढा आणि आत ठेवा, म्हणजे सायकल गाडीच्या रुंदीत मावेल. हँडल वळवून फ्रेमला बांधा. सायकल वर घ्या, नंबर प्लेट आणि दिवे पूर्ण दिसले पाहिजेत. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, ते बघा, गरम हवेनं रबर खराब होतं. सायकलला ताडपत्री किंवा कव्हर घालू नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. आणि सगळं झाल्यावर मित्राला ब्रेक दाबायला सांगा, स्वतः दहा पावलं मागे जाऊन बघा. तिन्ही ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर आणि नंबर दिसतोय का? यातलं एकही झाकलं जात असेल, तर सायकल उतरवा. इथे 'चालतंय की' नाही.

दोरीचा भरवसा

आपल्या घरात सुतळी आणि नायलॉनची दोरी यांवर फार विश्वास. गादी त्यावर येते, कपाट त्यावर येतं, मग सायकल का नाही? कारण नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. घाटातल्या एका सरीनंतर तुमची गाठ तीच असते, ताण मात्र तोच नसतो. रबरी बंजी तर बांधण्यासाठी नाहीच, ती लोंबणारा पट्टा आवरायला ठीक. पॉलिएस्टरचे बकलवाले किंवा रॅचेटचे पट्टे घ्या. सायकलच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. मोकळी टोकं गाठ मारून आत खोचा.

निघाल्यावर पहिल्या पाच-दहा किलोमीटरला गाडी बाजूला घ्या आणि सगळे पट्टे पुन्हा ओढून बघा. पहिल्या धक्क्यांनंतरच ते सैलावतात. नंतर प्रत्येक चहाच्या थांब्याला एकदा हात लावायचा. चहा दोन मिनिटं थंड झाला तर बिघडत नाही. मिसळ खायला आत बसणार असाल, तर फ्रेममधून कुलूप घालून सायकल रॅकला अडकवा. गाडीचा विमा गाडीचा असतो, बाहेर बांधलेली सायकल त्यात आपोआप येत नाही. गाडी भाड्याची असेल, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, तर रॅक लावायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा डिपॉझिटमधून जातो.

पावती आणि त्याहून मोठी गोष्ट

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं कलम १९४ (१ए) आलं. गाडीवरचं सामान परवानगीच्या मर्यादेपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आलं, तर वीस हजार रुपये दंड, शिवाय ते सामान उतरवायचा खर्च. नंबर प्लेट स्पष्ट दिसली पाहिजे, हा नियम तर सगळ्यांना माहीत असतो. युरोपात मागच्या रॅकवर दिव्यांची वेगळी पट्टी आणि आणखी एक नंबर प्लेट लावतात. आपल्याकडे हाय सिक्युरिटी प्लेटमध्ये पुढे एक, मागे एक आणि काचेवर स्टिकर, एवढंच मिळतं. दुकानातून तिसरी प्लेट करून रॅकला टांगणं हा जुगाड म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक.

पण दंडाच्या भीतीनं हे करा, असं आम्ही म्हणणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. दुचाकीवर कोण असतं? आपण असतो. क्लासला जाणारी मैत्रीण असते, डिलिव्हरी करून फी भरणारा वर्गमित्र असतो. गाडीतून सुटलेली सायकल गाडीतल्यांना लागत नाही, ती मागच्याला लागते. झाकलेला ब्रेक लाइट आपल्याला दिसत नाही, तो न दिसल्यामुळे येऊन धडकतो तो मागचा. आणि धडक देऊन एखादी गाडी निघून गेली, तर पोलिसांच्या हातात राहतो तो एक नंबर. तोच चाकाआड असेल तर?

ट्रकमधून बाहेर आलेल्या सळया बघून आपण सगळे शिव्या घालतो. टोकाला बांधलेलं लाल फडकं बघून हसतो. मग आपल्या गाडीच्या बाजूनं बाहेर आलेलं हँडल आणि चाक वेगळं कसं? सळईवाल्याकडे निदान पोटाचं कारण असतं. आपण तर मजेसाठी निघालेले असतो.

कुणी काय करायचं

गाडी कंपन्यांनी आपल्या छपरावरचे रेल्स वजनाचे आहेत की शोभेचे, हे जाहिरातीतच ठळक लिहावं. जाहिरातीत डोंगर दाखवायचा, वर सायकल दाखवायची आणि वजनाचा आकडा मॅन्युअलच्या आतल्या पानात लपवायचा, हे बरं नाही. परिवहन विभागानं सायकल रॅकबद्दल सोप्या मराठीत एक पानाची सूचना काढावी. कुठला रॅक चालेल, किती बाहेर आलेला चालेल, प्लेट झाकली तर काय, हे चित्रासह. आज ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो, आणि त्या गोंधळात प्रामाणिकपणे विचारणाराच घाबरतो. दुकानदारांनी रॅक विकताना गाडीचं मॉडेल विचारावं. एवढं अवघड नाही ते.

आणि आपण? कॉलेजच्या सायकलिंग ग्रुपनं राइडच्या आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं काढावीत. कुणाची गाडी, कुणाची सायकल, आत किती मावतात, पट्टे कुणाकडे आहेत, सगळं ठरवून टाकावं. हेल्मेट नसेल त्याला आपण राइडला घेत नाही ना? तसंच नंबर प्लेट झाकलेली गाडीही राइडला घ्यायची नाही. पहिल्यांदा कुणीतरी तोंड वाकडं करेल. 'जाम स्ट्रिक्ट झालात' म्हणेल. म्हणू द्या. चाक काढायला दहा सेकंद, चादर अंथरायला मिनिटभर आणि मागे जाऊन दिवे बघायला अर्धं मिनिट लागतं.

येत्या रविवारी निघण्याआधी टेप घेऊन खाली जा, गाडीची डिकी मोजा आणि सायकलही मोजा. आकडे ग्रुपवर टाका. कदाचित रॅकची गरजच नाही, असं तुमच्याच लक्षात येईल.